पी०३२५ चा दिवा घाटात पुन्हा पुन्हा लागतोय? नॉक सेन्सर बदलण्याआधी एवढं तपासा

गाडी पेट्रोलची. गावात फिरवताना काही तक्रार नाही. पण घाट लागला, एसी चालू आहे, चार माणसं बसलेली आहेत, की मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गाडीचा पिकअप बसतो. ॲव्हरेजही गेल्या महिन्यापेक्षा कमी. स्कॅनर लावला की पी०३२५ हा बिघाडाचा कोड निघतो, कधी पी०३२७ नाहीतर पी०३२८. फिटर म्हणतो, ‘नॉक सेन्सर गेलाय.’ नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, चार दिवस सगळं छान. मग पुढच्या घाटात दिवा हजर.

मी वायरिंगचं काम करतो, त्यामुळे माझ्याकडे गाडी येते ती बहुतेक वेळा सेन्सर बदलून झाल्यावरच. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा जुना सेन्सर ठणठणीत असतो. हा भाग सहसा मरत नाही. त्यात हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. मरते ती त्याची वायर, त्याचा कपलर (वायरींची जोडणी), नाहीतर त्याला ब्लॉकवर धरणारा बोल्ट नीट आवळलेला नसतो. आणि कधीकधी सेन्सर अगदी खरं बोलत असतो: इंजिन खरोखरच नॉक करत असतं, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकत असतं. म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. म्हणून क्रम लावून तपासा. पैसे सगळ्यात शेवटी खर्च करा.

कोड नेमकं काय म्हणतो

पी०३२५ याचा अर्थ ‘पहिल्या नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन वायरी, त्यांच्यावरची जाळी, कपलर आणि ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) पिन, हे सगळं आलं. पी०३२६ म्हणजे सिग्नल येतोय, पण अपेक्षित मर्यादेत नाही. पी०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०३२८ म्हणजे फार जास्त. पी०३३० पासून पुढचे कोड दुसऱ्या सेन्सरचे, ते मुख्यतः व्ही-६ सारख्या इंजिनांत दिसतात. आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा एकच सेन्सर असतो, तोही इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या मधोमध, हात जाणार नाही अशा जागी.

यातलं कुठलंही वाक्य ‘सेन्सर बदला’ असं म्हणत नाही. कमी सिग्नल आला तर आधी तुटलेली किंवा बॉडीला टेकलेली वायर आणि सैल बोल्ट बघायचा. जास्त आला तर वायरीत शिरलेला बाहेरचा गोंधळ किंवा इंजिनातला दुसराच खडखडाट. पी०३२६ असेल तर माझा संशय आधी पेट्रोल, कार्बन आणि इंजिनाच्या तापण्यावर जातो.

सेन्सर ऐकतो काय

प्लगची ठिणगी पडली की आग सिलिंडरमध्ये प्लगपासून पसरत जाते. तिच्यापुढे कोपऱ्यात दाबलं गेलेलं, तापलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आग पोचायच्या आधीच स्वतःहून भडकलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच नॉक. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर असेल (आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी १२०० सीसी इंजिनांचा तेवढाच आहे) तर हा आवाज साधारण साडेसात ते आठ किलोहर्ट्झचा. सिलिंडर मोठा तर आवाज खालचा. कानाला तो बारीक धातूच्या टिणटिणीसारखा येतो, आणि तोही ॲक्सिलरेटर दाबल्यावर.

सेन्सरमध्ये असते पिझो सिरॅमिकची चकती. दाबली किंवा हादरली की ती व्होल्टेज देते. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर खटकन दाबल्यावर ठिणगी पडते, तोच गुण. ईसीयू हा सिग्नल सतत ऐकत नाही. प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वर जाऊन खाली फिरल्यानंतरची थोडीशी खिडकी उघडते, तेवढ्यातच कान देते, कारण नॉक व्हायचा तर तेव्हाच होणार. ऐकू आला की त्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) काही अंश मागे घेते, मग हळूहळू पुढे सरकवत परत काठावर आणते. चांगल्या इंजिनात हे दिवसभर चालू असतं, तुम्हाला कळतही नाही.

सेन्सरवरचा विश्वासच उडाला, तर ईसीयू धोका पत्करत नाही. टायमिंग कायमचं मागे ठेवते. गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त पिते, एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून या दिव्यावर गाडी ढकलून नेण्याची गरज नसते, सावकाश घरी येता येतं. मात्र दिवा लुकलुकत असेल तर तो मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचा) इशारा असतो. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची.

आता एक गोष्ट जी फार थोडे लोक सांगतात. बऱ्याच गाड्यांत ईसीयू सेन्सरची तपासणी आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) करत नाही. आरपीएम वाढला की ब्लॉकचा नेहमीचा आवाजही वाढतो. तो आवाज सेन्सरमधून वाढताना दिसला नाही, तर सर्किट मेलं असं ती धरते. त्यासाठी इंजिन तापलेलं, आरपीएम चढलेला आणि लोड पडलेला हवा. म्हणून कोड पुसून गॅरेजच्या दारात गाडी सुरू केली की दिवा लागतच नाही, सगळे खूश. शिवाय अनेक गाड्यांत पहिल्या वेळी चूक पेंडिंगमध्येच राहते आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसली तरच दिवा पेटतो. ‘बदलल्यावर चार दिवस बरं होतं’ यातले ते चार दिवस असे तयार होतात.

आधी स्कॅनर, मग पाना

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम वाचा. दिवा लागला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, वेग हे सगळं तिथे जपलेलं असतं. पुसलं की गेलं. मोबाईलला जोडायच्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलवरही हे दिसतं. कूलंट ८५-९५ अंश आणि लोड भरपूर असेल तर कोड नेहमीच्या परिस्थितीत आला. कूलंट १०५ च्या पुढे असेल तर सेन्सरला हात लावू नका, आधी रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट आणि कूलंट बघा. बोअरच्या पाण्याने भरलेले रेडिएटर आपल्याकडे काही कमी नाहीत. ते आतून क्षाराने धरतात आणि इंजिन उन्हाळ्यात जास्त तापायला लागतं.

दुसरं, लाइव्ह डेटात इग्निशन टायमिंग. कंपनीच्या स्कॅनरवर ‘नॉक रिटार्ड’ अंशांत थेट दिसतो, साध्या ॲपवर बहुतेक वेळा फक्त टायमिंग. तेही चालतं. ठरलेला एखादा चढ, ठरलेला गिअर, शेजारी बसलेला माणूस मोबाईल बघतोय, चालवणाऱ्याने बघायचं नाही. दिवा नसताना टायमिंग खालीवर होत राहतं. दिवा लागल्यावर ते खाली अडकून बसलं, म्हणजे ईसीयू सुरक्षित मोडमध्ये गेली. आणि दिवा नसतानाच चढावर टायमिंग पुन्हापुन्हा खाली कोसळत असेल, तर सेन्सर जिवंत आहे आणि नॉक, किंवा नॉकसारखं काहीतरी, खरंच होतंय.

गाडीत सीएनजी असेल तर तुमच्या हातात फुकटची चाचणी आहे. सीएनजी पेट्रोलसारखा सहज नॉक करत नाही, त्याचा ऑक्टेन (नॉकला तोंड देण्याची ताकद) १२० च्या आसपास धरतात. तोच चढ पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर चढा. टिणटिण फक्त पेट्रोलवर येत असेल तर नॉक खरा. दोन्हीवर सारखाच आवाज असेल तर तो नॉक नव्हे: टॅपेट, टायमिंग चेनचा टेन्शनर, वॉटर पंपाचं बेअरिंग, एसी कॉम्प्रेसर, नाहीतर एक्झॉस्टवरचा सैल झालेला पत्रा. हा पत्रा फार फसवतो. एक स्क्रू गंजून गळलेला असतो आणि ठरावीक आरपीएमला पत्रा असा थरथरतो की माणूस आणि ईसीयू दोघंही चकतात.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आणखी एक संशयित असतो. टायमिंग ॲडव्हान्सर नावाची छोटी पेटी. सीएनजी हळू जळतो म्हणून ती टायमिंग पुढे ढकलते, पेट्रोलवर आल्यावर तिने बाजूला व्हायला हवं. तिचा रिले अडकला किंवा वायर चुकीची जोडली असेल तर पेट्रोलवरही टायमिंग पुढेच राहतं आणि इंजिन मनसोक्त नॉक करतं. शिवाय ती बसवताना हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून, पिळून, काळी टेप गुंडाळलेली असते. टेप दिसली की मी तिथूनच सुरुवात करतो.

घोडं पेंड खातं ते बहुधा वायरीत

एक गाडी सांगतो. नाशिक-ठाणे सारखी ये-जा करणाऱ्या माणसाची. कसारा घाट उतरताना कधी दिवा नाही, चढताना मात्र हमखास. दुसऱ्या ठिकाणी सेन्सर बदलून झाला होता, तोही अस्सल डब्यातला. ‘दादा, नवीन टाकलाय हो, बिल दाखवतो तुम्हाला,’ असं म्हणत त्याने खरंच बिल काढलं. फ्रीझ फ्रेममध्ये लोड भरपूर, आरपीएम अडीच हजाराच्या अलीकडे, कूलंट अगदी नेमकं. उभ्या गाडीत मल्टिमीटरवर सगळं बरोबर. वायर सरळ, कपलर स्वच्छ.

मग बॉनेट उघडं ठेवून एकाला गाडीत बसवला, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला लावला, नुसता भार येईल एवढाच. इंजिन मागे झुकलं. झुकायचं असतंच, पण हे चांगलंच झुकलं, कारण वरच्या बाजूचं इंजिन माउंटिंगचं रबर फाटलेलं होतं. इंजिन झुकल्यावर नॉक सेन्सरची वायर ताणली जाऊन मॅनिफोल्डच्या मागच्या लोखंडी ब्रॅकेटच्या कडेला टेकत होती. कडेने वायरीवरची काळी नळी कापली होती, जाळी कापली होती आणि आतल्या सिग्नलच्या तारेचं तांबं चिमटीएवढं उघडं पडलं होतं. इंजिन सरळ झालं की वायर कडेपासून सुटायची. उतारावर भार नाही, म्हणून दिवा नाही. वायर दुरुस्त केली, ब्रॅकेटची कड घासून गोल केली, माउंटिंग बदललं. सेन्सर तोच राहिला.

ही चाचणी करताना गाडीसमोर कोणी उभं राहायचं नाही आणि चाकांना दगड लावायचे, एवढं मात्र पाळा.

पावसाळ्यात उंदीर. पार्किंगमधली गाडी, ऊबदार इंजिन, त्यांना आणखी काय हवं. मॅनिफोल्डवर खाल्लेल्या शेंगांची टरफलं दिसली तर हार्नेसवरून बोटं फिरवत जा. दातांच्या खुणा डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागतात. दुसरं, पाणी. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की कपलरच्या रबरी सीलमधून ओल शिरते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. नॉक सेन्सरचा सिग्नल मुळातच मिलिव्होल्टांत, त्यामुळे जो थर हॉर्नच्या वायरीत काही बिघडवत नाही तो इथे पूर्ण खेळ संपवतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या, पिना सैल असतील तर नीट बसवा. सँडपेपरने घासू नका, पिनांवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात थर दुप्पट वेगाने येतो.

वायर तुटलेली सापडली तर ती साध्या वायरीने जोडून चालत नाही. ही वायर जाळीदार असते, आणि जाळी बहुधा एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला अर्थ केलेली असते. जाळी मधेच कापून सोडली की शेजारच्या इग्निशन कॉइलचा सगळा गोंधळ सिग्नलमध्ये घुसतो आणि पी०३२८ यायला लागतो. दोन्ही टोकांना अर्थ केली तरी त्रासच. तारा झाळा, प्रत्येकीवर वेगळी हीट-श्रिंक नळी, वरून जाळी जोडून पुन्हा नळी. आणि वायर तिच्या मूळ क्लिपांतूनच न्या, कॉइलच्या वायरींना चिकटवून नको.

मीटरने काय कळतं, काय नाही

सेन्सर स्टार्टर मोटरच्या शेजारी असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर चावी बंद असतानाही करंट असतो, पाना टेकला की वेल्डिंगच.

कपलर काढून सेन्सरच्या पिनांवर ओम मोजला तर बऱ्याच सेन्सरवर मीटर ‘ओएल’ दाखवतो, म्हणजे एक मेगाओमच्याही वर. इथे कितीतरी चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. पिझो चकतीतून डीसी वाहतच नाही, त्यामुळे आत रेझिस्टर नसलेला सेन्सर ‘ओपन’ दिसणारच. उलट तिथे काही शे ओम दिसले तर तो आतून शॉर्ट आहे. काही सेन्सरमध्ये मात्र चकतीला समांतर रेझिस्टर असतो, कारण त्यामुळे तुटलेली वायर ईसीयूला लगेच कळते. टोयोटाच्या कित्येक इंजिनांत हा आकडा २० अंशांना १२० ते २८० किलोओम असा दिलेला आहे. म्हणजे आधी तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा, मगच निवाडा. आणि दोन्ही पिना सेन्सरच्या धातूच्या अंगाशी तपासा. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये तिथे जोड दिसता कामा नये. एकाच वायरीचे जुने सेन्सर ब्लॉकमधूनच अर्थ घेतात, त्यांना हा नियम लागू नाही.

मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि सेन्सरजवळ ब्लॉकवर छोट्या पान्याने हलकेच टकटक करा. सेन्सरवर नाही, ब्लॉकवर. आकडा उडाला तर चकती जिवंत आहे. किती उडाला याला फार अर्थ नाही. साधे मीटर एसी मोजतात ते काही शे हर्ट्झपर्यंतच धड, इथला आवाज किलोहर्ट्झमधला. नेमकं बघायचं तर ऑसिलोस्कोप हवा. जवळच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे असेल तर पाच मिनिटांचं काम आहे: गाडी सुरू, आरपीएम वाढवत न्यायचा, लाट त्याबरोबर जाड होत जायला हवी.

यानंतर ईसीयूच्या कपलरपर्यंत दोन्ही वायरींची कंटिन्युइटी (तार अखंड आहे का), एकमेकींशी आणि बॉडीशी शॉर्ट नाही ना, हे बघा. वायर हलवत, वाकवत बघा. स्थिर वायर नेहमी पास होते.

बोल्ट, हा विषय लोक उगाच सोपा समजतात

चपटा, मधोमध भोक असलेला सेन्सर बहुधा एम८ बोल्टने ब्लॉकवर बसतो आणि बहुतेक बॉश पद्धतीच्या सेन्सरना २० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळायचा जोर) लागतो. तो बोल्ट नुसता सेन्सर धरून ठेवत नाही, चकतीवर किती दाब राहणार हे तोच ठरवतो. सैल राहिला तर सेन्सर बहिरा होतो किंवा स्वतःच खडखडतो. लांब पान्याने अंगात आल्यासारखा आवळला तर सिरॅमिकला चीर जाते. इथे टॉर्क पाना हवाच. हात जात नाही म्हणून अंदाजाने आवळलेले सेन्सर परत येतात, हे मी रोज बघतो.

बसण्याची जागा ब्लॉकच्या उघड्या धातूची हवी. रंग, गंज, जुन्या गॅस्केटचा चिकटा, सगळं पुसून काढा. वॉशर घालू नका, स्प्रिंग वॉशर तर अजिबातच नको. बोल्टच्या आट्यांना सीलंट किंवा ग्रीस लावू नका, टॉर्कचा हिशेब चुकतो. जुना बोल्ट हरवला म्हणून डब्यातला ‘तसाच’ दुसरा लावायचा मोह होतो. तो पाच मिलिमीटरने लांब असेल तर आंधळ्या भोकाच्या तळाला टेकतो. टॉर्क पाना खटकन वाजतो, तुम्हाला वाटतं बसला, आणि सेन्सर खाली मोकळाच फिरत असतो. आवळल्यावर सेन्सर बोटाने फिरवून बघा, हलता कामा नये. वायर कुठल्या दिशेला निघते तेही मूळ जसं होतं तसंच ठेवा.

नवा सेन्सर हातातून फरशीवर पडला तर तो बसवू नका. बाहेरून काही दिसत नाही, आतली चकती तडकलेली असू शकते.

सेन्सर खरं बोलत असेल तर

वायर, कपलर, बोल्ट, सेन्सर सगळं बरोबर आणि तरी पी०३२६ किंवा टायमिंग कोसळणं चालूच, तर इंजिनाकडे वळा.

आधी पेट्रोल. बीएस-६ आलं तेव्हा, २०२० मध्ये, साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ ठरला होता. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा कुठल्या कुठे घसरतो. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलवरून सध्या सगळा राग निघतो, पण नॉकच्या बाबतीत इथेनॉल मित्र आहे, त्याचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. ॲव्हरेज पडण्याचं खापर मात्र त्याच्यावर थोडंफार फोडता येईल, कारण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. तेव्हा दिवा नसताना, पिकअप ठीक असताना ॲव्हरेज जरासं पडलं तर नॉक सेन्सरच्या मागे लागू नका. इथेनॉलचा खरा त्रास पाण्याचा आहे. टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी होतो. पावसाळ्यात महिना-दीड महिना उभी राहिलेली, अर्धी टाकी रिकामी असलेली गाडी नॉक करायला लागली तर मला तिथे शंका येते. टाकी जवळजवळ रिकामी करून वेगळ्या पंपावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि तोच चढ चढा. फरक पडला तर उत्तर मिळालं. कायम तेच भरत राहणं हे उत्तर नव्हे, कारण मूळ रोग आत तसाच राहतो.

तो मूळ रोग बऱ्याचदा कार्बन असतो. शहरातल्या शहरात, रोज पाच किलोमीटर चालणारं, कधी नीट न तापणारं इंजिन पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर जमवतं. थर जागा खातो, कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय तापून लाल होतो. प्लग काढून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घातला की लगेच दिसतं. प्लग काढलेच आहेत तर तेही बघा: कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचे आहेत का, टोकं पांढुरकी पडलीत का. पांढरी टोकं म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा प्लग फार गरम. मिश्रण पातळ होतं ते मॅनिफोल्डच्या गळक्या गॅस्केटमुळे, फाटलेल्या व्हॅक्यूम नळीमुळे, नाहीतर अर्धवट तुंबलेल्या इंजेक्टरमुळे. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवते-घटवते तो आकडा) दहा टक्क्यांच्या वर अधिक दाखवत असेल तर हा धागा धरा. रिंगमधून तेल वर येत असेल तरी नॉक वाढतो. तेल ऑक्टेन खातं.

आणि चालवण्याची सवय, ज्याबद्दल सांगितलं की गिऱ्हाईक नाराज होतं. ॲव्हरेजसाठी चौथ्यातच राहायचं, चढ आला तरी ४० च्या वेगाला चौथाच, पाय मात्र पूर्ण खाली. कमी आरपीएम आणि पूर्ण लोड, नॉकला याहून चांगली जमीन नाही. कसारा असो की खंबाटकी, चढावर गिअर वेळेवर खाली टाका.

टर्बो पेट्रोल, थेट इंजेक्शनची गाडी असेल तर एक प्रकार वेगळा आहे. कमी आरपीएमला ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि एकच जबरदस्त ठोका बसतो. टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही, कारण ठिणगीचा त्यात हातच नाही. तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण त्याला कारण ठरतो. म्हणून या इंजिनांत तेलाचा दर्जा महत्त्वाचा: २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलांची याच गोष्टीसाठी चाचणी होते. डब्याच्या मागे बघून घ्या.

जुगाड

वायरीत रेझिस्टर टाकून ईसीयूला गप्प बसवायचा उद्योग काही ठिकाणी चालतो. दिवा खरंच विझतो. पण ईसीयूला वाटतं सेन्सर आहे आणि नॉक कधीच होत नाही, त्यामुळे ती टायमिंग बिनधास्त पुढे नेते. दिवा लागलेला असताना निदान ती घाबरून मागे तरी राहत होती. याचा शेवट पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटण्यात होतो, आणि मग हेड उघडावं लागतं. दुसरा जुगाड म्हणजे मॅनिफोल्ड काढायचा कंटाळा म्हणून सेन्सर वरच्या कुठल्यातरी सोयीच्या बोल्टला लावायचा. ईसीयूतले सगळे आकडे मूळ जागेच्या आवाजावर बेतलेले असतात. दुसऱ्या जागी कुठला सिलिंडर किती ऐकू येईल याला काही धरबंध राहत नाही.

सेन्सर खरंच गेला असेल तर पार्ट नंबर इंजिनाच्या नंबरावरून जुळवा, गाडीच्या नावावरून नव्हे. एकाच नावाच्या गाडीत वर्ष बदललं की इंजिन बदललेलं असतं. दिसायला सारखे सेन्सर आतून वेगळे असतात: एक ठरावीक सुरालाच जोरात प्रतिसाद देणारा, दुसरा सगळ्या पट्ट्यात सपाट. एकाच्या जागी दुसरा बसला तर कोड लगेच येत नाही, पण इंजिन एकतर उगाच मागे राहतं किंवा नॉक करत राहतं.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी ताब्यात घेण्याआधी चालवा. कूलंट ८० च्या वर गेल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारापासून चार हजारापर्यंत एखाद्या चढावर दोन-तीनदा ओढा. परत येऊन साठवलेले कोड नाही, पेंडिंग कोड वाचा. पेंडिंगमध्ये पी०३२५ दिसला तर दिवा लागायची वाट बघू नका, गाडी तिथेच ठेवा. रिकामा निघाला तर दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना सुरू करून तीच फेरी पुन्हा मारा, तोही रिकामा असेल तर बिल द्या.